फुटलेली दोन दुकानं

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वकिली करत असताना नवरा-बायकोचे दावे शक्यतो घेत नसत, असं मला संयोजकांनी सांगितलं. सरांचं म्हणणं असं होतं, की या दाव्यात जिंकलेला पक्षकारही फी द्यायला येतो तेव्हा रडतच येतो. मी आयुष्यभर कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम केलं. त्यामुळे सरांनी जे पक्षकार परत पाठवले, त्यांच्यासारखीच माणसं माझ्या वाट्याला आली, असं म्हणायला हरकत नाही.

विषय कळवला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्यानं संकोचून विचारलं, “मॅडम, पत्रिकेवर ‘व्यभिचार’ असा शब्द छापायचा का?” म्हटलं, खुशाल छापा. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९३१ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ‘व्यभिचाराचा प्रश्न’ असंच सरळ शीर्षक दिलं होतं. त्यांच्यावर खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. तुमच्यावर तेवढीही पाळी येणार नाही.

तर मुद्द्यावर येते. २०१५ च्या मे महिन्यात एम-स्पाय नावाच्या कंपनीची माहिती चोरीला गेली. दुसऱ्याच्या फोनवर गुपचूप बसवायचं सॉफ्टवेअर ही कंपनी विकते. मेसेज, फोटो, कुणाला किती वेळा फोन केला, माणूस आत्ता कुठे उभा आहे, हे सगळं फोन वापरणाऱ्याला पत्ता न लागता गिऱ्हाइकाला दिसतं. असला माल पोरांवर लक्ष ठेवण्यासाठी म्हणून विकला जातो, पण तो घेणाऱ्यांत संशयानं पोखरलेले नवरे, बायका, प्रियकर भरपूर असतात हे उघड गुपित आहे. चोरांनी ती सगळी माहिती इंटरनेटच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ओतून दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैत, टोरंटोच्या ॲशली मॅडिसन या वेबसाइटवर दरोडा पडला. लग्न झालेल्या माणसांना लग्नाबाहेरचा सोबती गाठून देणं हा तिचा जाहीर धंदा. ऑगस्टच्या १८ तारखेला तिथली साडेतीन कोटींहून जास्त खाती जगापुढे उघडी पडली.

म्हणजे एका उन्हाळ्या-पावसाळ्यात संशय विकणारं दुकान फुटलं आणि प्रतारणा विकणारंही फुटलं. दुसऱ्याचा गाजावाजा अजून चालू आहे, त्यावर माहितीपट निघाले. पहिलं मात्र या सभागृहात किती जणांनी ऐकलं होतं? माझी शंका अशी आहे, की प्रतारणा हे आपल्याला पाप वाटतं आणि पाळत ठेवणं हा हक्क वाटतो, म्हणून आपण पहिलं विसरलो. आज मला या हक्काबद्दल बोलायचं आहे.

आधी ॲशली मॅडिसनचं थोडं सांगते, कारण त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. नाव कायमचं पुसून देण्यासाठी ही कंपनी १९ डॉलर वेगळे घेत असे. पैसे भरून ज्यांनी नाव पुसून घेतलं, त्यांचीही माहिती दरोड्यात सापडली. ती पुसलीच गेली नव्हती. मुखपृष्ठावर सुरक्षिततेबद्दल मिळालेल्या पुरस्काराचं चिन्ह होतं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या गोपनीयता आयुक्तांनी चौकशी केली तेव्हा असा कुठला पुरस्कारच नसल्याचं निघालं. पुरुषांना गोड मेसेज पाठवणाऱ्या बायकांपैकी अनेक जणी कंपनीनं बनवलेल्या होत्या, प्रत्यक्षात नव्हत्याच. बायकोला फसवायला निघालेल्या माणसाला कंपनीनं प्रत्येक पायरीवर फसवलं. इथवर ऐकलं की हसू येतं. मलाही आलं होतं.

पुढचं ऐका. खातं उघडताना दिलेला ईमेल त्याच माणसाचा आहे की नाही, हे ही वेबसाइट तपासत नसे. कुणीही कुणाचाही पत्ता टाकावा. तरीही यादी बाहेर आली आणि लोक शेजाऱ्यांची, साहेबांची, जावयांची नावं शोधायला बसले. ‘बिटकॉइन पाठव, नाहीतर बायकोला कळवतो’ अशा खंडणीच्या धमक्या सुरू झाल्या. माणसांनी जीव दिले. अमेरिकेत एका धर्मोपदेशकानं दिला. सिडनीच्या एका रेडिओ केंद्रावर तर सकाळच्या गमतीच्या कार्यक्रमात श्रोत्यांना आवाहन केलं गेलं, की फोन करा, तुमच्या नवऱ्याचं नाव यादीत आहे का ते आम्ही बघून सांगतो. एका बाईनं फोन केला. निवेदकांनी नवऱ्याचा तपशील टाकला आणि नाव निघालं. हजारो लोकांच्या कानांवर तिला ते सांगण्यात आलं. ती “खरंच?” असं काहीतरी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

या प्रसंगात गुन्हेगार नवरा कार्यक्रमात नव्हताच. जिचा विश्वासघात झाला होता, तीच लोकांसमोर उघडी पडली. हे नेहमी असंच होतं. २०२५ च्या जुलैत बॉस्टनजवळच्या स्टेडियममध्ये कोल्डप्ले या बँडच्या कार्यक्रमात कॅमेरा प्रेक्षकांतल्या एका जोडीवर गेला, जोडी दचकून लपली आणि ती चित्रफीत जगभर फिरली. एका कंपनीचा मुख्य अधिकारी आणि त्याच कंपनीतली वरिष्ठ अधिकारी. लोकांनी एका दिवसात नावं, कंपनी, घर, मुलं, सगळं खणून काढलं. त्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या फेसबुकवर अनोळखी माणसांची रीघ लागली. तिनं आधी आडनाव काढलं, मग खातंच बंद केलं. तिच्यासाठी हळहळणाऱ्यांची गर्दी एवढी झाली, की तिला तिथून पळावं लागलं. पुण्या-मुंबईच्या ग्रुपवरही ती चित्रफीत आली होती. आपल्यापैकी कितीकांनी पुढे ढकलली असेल, हात वर करायला सांगत नाही.

हे सगळं फोन आल्यामुळे झालं, असं मात्र समजू नका. १९५९ साली मुंबईत कमांडर नानावटींनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. त्या खटल्यात नानावटींच्या पत्नी सिल्व्हिया यांनी आहुजाला लिहिलेली पत्रं पुराव्यात आली, न्यायालयात वाचली गेली आणि सगळ्या मुंबईनं ती चवीनं वाचली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचा चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता. आणि तेंडुलकरांनी १९६७ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात तर या गर्दीचा पूर्ण स्वभावच मांडून ठेवला आहे. वेळ घालवायला म्हणून खेळातला खटला उभा राहतो आणि बघता बघता बेणारे बाईंचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर येतं. त्या प्रकरणातले प्रोफेसर दामले शेवटपर्यंत तिथे नसतातच. आरोपी बाई हजर, पुरुष गैरहजर, बाकीचे सगळे न्यायाधीश. समाजमाध्यमांवर रोज हाच प्रयोग लागतो.

आता एक निकाल सांगते, जो माझ्या मते महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला माहीत असायला हवा आणि जवळजवळ कुणालाच माहीत नसतो. १९६५ सालची घटना. एक पोलीस इन्स्पेक्टर रात्री गणवेशात एका गरीब बाईच्या झोपडीवर गेला आणि त्यानं तिच्याकडे नको ती मागणी केली. तिनं विरोध केला, आरडाओरडा केला. चौकशी झाली, त्याला नोकरीतून काढलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथे बाईचं चालचलन निघालं. लग्नाबाहेर आपले संबंध आहेत हे तिनं स्वतःच सांगितलं होतं. अशा बाईच्या शब्दावर एका अधिकाऱ्याची नोकरी घालवणं धोक्याचं, असा विचार करून उच्च न्यायालयानं इन्स्पेक्टरला सोडवलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९० साली तिथे निकाल फिरला. न्यायालय म्हणालं त्याचा आशय असा, की जिचं वागणं समाजाला पसंत नाही अशा बाईलाही खासगीपणाचा हक्क आहे, वाटेल त्यानं वाटेल तेव्हा तिच्या दारात यावं असं होत नाही. आणि आपल्या आयुष्यातली काळी बाजू तिनं लपवली नाही, हे न्यायालयानं तिच्या प्रामाणिकपणाच्या खात्यात धरलं.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमुखानं सांगितलं ते २४ ऑगस्ट २०१७ ला. त्याच्या सत्तावीस वर्षं आधी, झोपडीतल्या त्या बाईच्या निमित्तानं, हक्काचा गाभा सांगून झाला होता. चांगलं वागणाऱ्याला बक्षीस म्हणून खासगीपणा मिळत नाही. तो चुकलेल्यालाही असतो. हे तत्त्व पोलिसाच्या बाबतीत आपल्याला लगेच पटतं. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या बाबतीत मात्र आपण अडखळतो. “मी बायको आहे त्याची, मला नाही तर कुणाला हक्क?” हा प्रश्न माझ्यापुढे इतक्यांदा आला आहे, की त्याला तोडून बोलणं मला कधीच जमलं नाही. कारण त्यात तथ्य आहे. तिला सत्य कळण्याचा हक्क आहेच. ज्याच्याशी आपण घर, पैसा, मूल, शरीर वाटून घेतलं, त्यानं आपल्याला अंधारात ठेवून आपल्या आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत, ही मागणी पूर्ण न्याय्य आहे. माझा वाद एवढाच आहे, की सत्यावर हक्क आहे म्हणून पासवर्डवर हक्क येत नाही. आणि अनुभव असा, की पासवर्ड मिळाला की सत्य बहुतेक वेळा हातचं जातं.

समुपदेशकापुढे बोललेलं गोपनीय राहतं, त्यामुळे पुढची दोन उदाहरणं ओळख पटणार नाही इतकी बदलून सांगते. एक बाई जाडजूड फाइल घेऊन आल्या. नवऱ्याचं व्हॉट्सॲप त्यांनी आपल्या लॅपटॉपला जोडून घेतलं होतं. त्याला फार अक्कल लागत नाही. फोन दोन मिनिटं हातात मिळाला की पुरतं. स्क्रीनशॉटच्या छापील प्रती, तारखेनुसार लावलेल्या, महत्त्वाच्या ओळींवर पिवळी रेघ. मी विचारलं, “तुम्हाला आता काय हवंय?” त्या म्हणाल्या, “त्यानं एकदा माझ्याकडे बघून कबूल करावं. बाकी काही नको.” नवऱ्याला आत बोलावलं. तो फाइलकडे बघून म्हणाला, “सगळं आहेच की हिच्याकडे. मी आणखी काय बोलू?” आणि पुढचा सगळा वेळ त्यानं, हिनं माझा फोन कसा फोडला, माझ्या मित्रांचे मेसेज कसे वाचले, मी आता हिच्यावर विश्वास कसा ठेवू, यावर घालवला. गुन्हा त्याचा, आणि तक्रारदारही तोच होऊन बसला. त्या बाईंनी महिनोन् महिने रात्री जागून जे गोळा केलं, त्यानं नवऱ्याची बोलण्याच्या जबाबदारीतून सुटका केली होती.

दुसरे एक गृहस्थ. बायकोचा फोन सतत उपडा ठेवलेला असतो, म्हणून त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्यांनीही तोच मार्ग धरला. बायकोचं बाहेर काहीही नव्हतं. पण ती आपल्या बहिणीला रोज रात्री लिहायची, त्यात नवऱ्याच्या घोरण्यापासून सासूच्या टोमण्यांपर्यंत सगळं होतं. “मॅडम, मी तिच्या लेखी काय आहे ते मला कळलं,” ते म्हणाले. मी म्हटलं, “तुम्ही तिच्या लेखी काय आहात हे नाही कळलं तुम्हाला. ती दमलेली असताना बहिणीशी कशी बोलते, एवढंच कळलं.” त्यांना ते पटलं नाही. आणि यात त्या बहिणीचा काय दोष? तिच्या घरातल्या गोष्टीही या गृहस्थांनी वाचल्याच होत्या. दोघांचा संवाद वाचला की नेहमी तिसऱ्याची चोरी होते, याचा विचार कुणी करत नाही.

मग खासगी कुठे संपतं आणि फसवणूक कुठे सुरू होते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास यांनी ‘नॉट जस्ट फ्रेंड्स’ या २००३ सालच्या पुस्तकात याची एक खूण सांगितली आहे, ती मला कामात फार उपयोगी पडली. त्यांचा मुद्दा असा, की बरीच प्रकरणं देहापासून सुरू होत नाहीत, ऑफिसातल्या निरागस गप्पांपासून होतात. घरातलं दुखणं बाहेरच्या माणसाला कळू लागलं आणि बाहेरच्या माणसाबद्दल घरात एक अक्षर निघेनासं झालं, की समजावं की पाऊल पडलं. बहिणीला सासूबद्दल लिहिणं हे खासगी आहे. सहकाऱ्याला रात्री अकराला बायकोबद्दल लिहायचं आणि मग ते पुसून टाकायचं, हे वेगळं आहे. हा फरक कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. तो ज्याचा त्याला आतून माहीत असतो. म्हणूनच तर तो पुसतो.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर मी अर्धवट बोलले असं होईल. ‘दोघांनी एकमेकांचे फोन बघावेत की नाही’ असा प्रश्न आपण विचारतो, तेव्हा दोघं सारखेच आहेत असं गृहीत धरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरते असा मोबाइल असणाऱ्या ५४ टक्के निघाल्या. जवळपास निम्म्यांकडे लपवायलाही फोन नव्हता. याच सर्वेक्षणात बायकांना विचारतात, की तुम्ही परपुरुषाशी बोललात तर नवरा चिडतो का, तो तुमच्यावर बदफैलीपणाचा आरोप करतो का, तुम्ही कुठे आहात हे सतत कळलंच पाहिजे असा त्याचा हट्ट असतो का. सर्वेक्षण या गोष्टी नवऱ्याच्या नियंत्रणाच्या खुणा म्हणून मोजतं, आणि हिंसाचाराच्याच प्रकरणात मोजतं. आपल्या तरुण मुलींना याच गोष्टी आज प्रेमाच्या खुणा म्हणून शिकवल्या जात आहेत. “तो माझं लोकेशन बघत असतो, इतकी काळजी करतो,” असं एका इंजिनिअर मुलीनं मला कौतुकानं सांगितलं होतं. लग्न ठरून महिना झाला होता. लपवण्यासारखं काही नाही तर पासवर्ड दे, हा युक्तिवाद ऐकायला समतेचा वाटतो. पण ज्याच्या हातात घराचा पैसा आणि मूठ आहे, त्यानं तो केला की त्याचा अर्थ बदलतो. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली बुलढाण्यात बसून ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं, तेव्हा एकाच कृत्याला लावलेल्या दोन मापांवरच त्या संतापल्या होत्या. मापं अजून दोनच आहेत. फक्त एक माप आता ॲपमध्ये बसवून मिळतं.

आता कायद्याकडे वळते. सरांचे बरेच सहकारी समोर बसले आहेत, चुकलं तर नंतर चहाला सांगा.

भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ खाली व्यभिचार हा गुन्हा होता, पण कसा? परक्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवला तर गुन्हा, आणि तक्रार करायची त्या नवऱ्यानं. नवऱ्याची हरकत नसेल तर गुन्हाच नाही. ज्या बाईचा नवरा भटकला तिला तक्रारीचा हक्कच नव्हता. १८६० पासून हे चाललं. १९५४ आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. १९८५ चा निकाल सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांचा. २७ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी कलम एकमतानं रद्द केलं आणि त्या पीठावर त्यांचेच चिरंजीव होते. कलम गेलं तेव्हा ‘आता रान मोकळं’ असे विनोद फिरले. प्रत्यक्षात रान कुणालाच मोकळं झालं नाही. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आजही आहे. बायको ‘व्यभिचारात राहते’ हे सिद्ध झालं तर तिची पोटगी जाते, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत जशीच्या तशी आली आहे. ही पोटगी वाचवण्यासाठी नवऱ्यांनी काय काय धडपड केली, ते कुटुंब न्यायालयातल्या शिपायालाही सांगता येईल. आणि हे एकट्या नवऱ्यांचं नाही. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांची एक साखळी पकडली होती. लोकांच्या मोबाइलच्या कॉलचे तपशील, ज्याला सगळे सीडीआर म्हणतात, ते बेकायदा मिळवून विकले जात होते. गिऱ्हाईक कोण, तर बरेचसे जोडीदारावर संशय असलेले लोक.

मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यात मदत करतो का? तो कंपन्यांना बांधतो, आणि तेही हवंच आहे. पण त्याच्या तिसऱ्याच कलमात लिहून ठेवलं आहे, की एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर हा कायदा लागू नाही. म्हणजे बँकेनं तुमचा नंबर विकला तर दाद आहे; नवऱ्यानं तुमचे मेसेज वाचले तर तुम्ही माहिती तंत्रज्ञान कायदा उघडायचा आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरल्याचं कलम लावून बघायचं. तिथेही पहिला प्रश्न येतो, की फोनची पावती कुणाच्या नावावर आहे.

आणि १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. भटिंड्याच्या कुटुंब न्यायालयातला घटस्फोटाचा दावा. नवऱ्यानं वर्षानुवर्षं बायकोशी झालेलं फोनवरचं बोलणं तिच्या नकळत ध्वनिमुद्रित केलं होतं. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालय म्हणालं, हा तिच्या खासगीपणाचा भंग आहे, पुरावा घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. पुरावा कायद्यात नवरा-बायकोतल्या बोलण्याला संरक्षण आहे, पण ते लग्नसंस्थेच्या रक्षणासाठी. दोघांतच दावा असेल तर ते लागू होत नाही, हे कायद्यात आधीपासून लिहिलेलं आहे. या निर्णयामुळे घराघरांत हेरगिरी वाढेल, ही भीतीही न्यायालयापुढे मांडली गेली होती. त्यावर उत्तर असं मिळालं, की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते लग्न आधीच मोडलेलं आहे. पाळत हे त्याचं लक्षण आहे.

न्यायालयाचा मान राखून मी म्हणेन, की कलमांचा अर्थ लावण्यात चूक काढणं मला जमणार नाही, पण हे निदान अर्धंच आहे. माझ्यासमोर आलेली कित्येक लग्नं पाळतीआधी डळमळीत होती, मोडलेली नव्हती. भांडण होतं, अबोला होता, संशय होता. मोडली ती पाळतीनंतर. शिवाय छळ सोसणाऱ्या बाईच्या बाजूनं विचार केला तर हा निकाल तिच्या कामी येईल हेही खरं आहे. घरातल्या बंद दाराआड नवरा काय बोलतो याचा दुसरा साक्षीदार कुठून आणायचा? मी हे नाकारत नाही. तिच्या हातातलं ते एकमेव साधन काढून घ्या, असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

म्हणून माझं बोट निकालाकडे नाही, त्याच्या मागच्या व्यवस्थेकडे आहे. दोघांची संमती असेल तर घटस्फोट सरळ आहे. एकानं नाही म्हटलं की दुसऱ्यानं दोष सिद्ध करायचा: व्यभिचार, क्रूरता, परित्याग. दोष सिद्ध करायचा म्हणजे पुरावा हवा, आणि आज पुरावा फोनमध्ये असतो. आपण माणसांना सांगतो, की तुझं दुःख खरं आहे हे आम्ही मानू, आधी स्क्रीनशॉट आण. मग ती आणतात.

सहवेदनेबद्दल फार बोलण्याची माझी इच्छा नाही, कारण या शब्दाच्या नावाखाली फसवल्या गेलेल्या बाईला गप्प बसवताना मी खूप पाहिलं आहे. “त्याचीही बाजू समजून घे,” “पुरुषाची जात,” “मुलांकडे बघ.” ही सहवेदना नव्हे, ही सोय आहे. ज्याचा विश्वास मोडला त्याला तोच प्रश्न दहादा विचारावासा वाटतो: कधीपासून, कुठे, मी घरी ताप घेऊन पडले होते त्या दिवशीही? ज्यानं मोडला त्यानं दहाव्यांदाही न वैतागता उत्तर द्यावं, ही त्याच्या बाजूची सहवेदना. मला जी थोडी लग्नं पुन्हा उभी राहिलेली दिसली, त्यांत हे झालं होतं. क्षमा नंतर आली किंवा आलीही नाही. काही जोडप्यांना हे सगळं करून वेगळंच व्हावंसं वाटलं आणि ती नीट वेगळी झाली, मुलाच्या शाळेच्या संमेलनाला एका रांगेत बसतात. तेही मी यशच धरते. आणि आपण, जे बाहेर उभे असतो, त्यांना या प्रश्नोत्तरांत जागा नाही. आपल्याला कळलंच तर ते आपल्यापाशी थांबवणं, एवढंच आपल्या हातात असतं.

शेवटी एक मागणं, आणि ते विशेषतः वकील मंडळींकडे. दुरुस्त होण्यापलीकडे मोडलेलं लग्न, एवढंच घटस्फोटाचं कारण पुरेसं असावं, अशी शिफारस विधी आयोगानं १९७८ साली ७१व्या अहवालात केली, २००९ साली २१७व्या अहवालात पुन्हा केली. २०१० मध्ये विधेयक आलं. बायकोला आर्थिक हलाखी ओढवणार असेल तर तिनं हरकत घ्यावी आणि नवऱ्याच्या मालमत्तेत तिला वाटा मिळावा, अशा तरतुदी त्यात होत्या. त्यांवर वादही झाले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेनं ते मंजूर केलं, लोकसभेत ते मंजूर झालं नाही आणि २०१४ साली सभागृहाबरोबर बुडालं. २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं सांगितलं, की या कारणावरून सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या विशेष अधिकारात लग्न मोडू शकतं. पण सांगली-जळगावच्या माणसानं एवढ्यासाठी दिल्लीला जायचं का? कुटुंब न्यायालयाला हा अधिकार आजही नाही. ते विधेयक धूळ झटकून पुन्हा मागा. बायकोच्या वाट्याच्या तरतुदी सैल होऊ न देता मागा. तुमच्या खासदाराला पत्र लिहा, वकील संघाचा ठराव करा. पत्राचा मसुदा मी सोबत आणला आहे, बाहेर टेबलावर ठेवला आहे. जाताना एकेक प्रत घ्या.